सटवाची लाईटवरची रिक्षा

कडा गावच्या बाजारात सटवाला कुणी ना कुणी हटकायचंच, "काय बे सटवा, लाईटवरची गाडी परवडती का?" सटवा खोटं बोलायचा नाही. म्हणायचा, "परवडती, पर घरात तशी लाईट पायजे." ऐकणारे खो खो हसायचे आणि जाऊन डिझेलच्या टमटमीत बसायचे.

सटवाच्या बापजाद्यांनी मेंढरामागं जन्म काढला. सटवानंही पंचवीस वर्षं तेच केलं. मग गुडघे कुरकुरायला लागले, तसा त्यानं कळप विकला आणि नगरला जाऊन बॅटरीवर चालणारी रिक्षा आणली. शोरूममधला पोरगा म्हणाला होता, एकदा चार्ज केली की सव्वाशे किलोमीटर बघायला नको. तो बिचारा खोटं बोलला नसेल. सपाट डांबरी रस्ता असेल आणि गाडीत त्याच्यासारखा एकटा काटकुळा माणूस असेल, तर जातही असेल सव्वाशे. पण सटवाची टेकाडवस्ती त्यानं कुठं पाहिली होती? वस्तीपासून कडा बावीस किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता खडीचा आणि मधे खिंडीचा चढ. पहिल्या वर्षी गाडी नव्वद जायची. तिसऱ्या वर्षी साठालाच मान टाकायला लागली. आष्टीतला मिस्त्री म्हणाला, "बॅटरीला आपुन हात लावत न्हाई, नगरला न्या." अरे बाबा, नगरला न्यायची तर तिथवर पोचायला नको का ती!

तरी सटवाचा तिच्यावर जीव होता. दर रविवारी तिच्या कपाळाला भंडारा लावायचा. आणि तिच्यामुळं वस्तीवर एक मोठं काम झालं होतं, ते मात्र खरं. वस्तीवर एसटी येत नाही. दहावी झाली की पोरी घरी बसायच्या, हातात कोयता घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला जायच्या. सटवाच्या गाडीला तेल लागत नव्हतं, म्हणून तो पोरींना कड्याच्या कॉलेजात निम्म्या भाड्यात न्यायचा. बघता बघता पाच पोरी बारावीला पोचल्या. पोरगी सटवाभाऊच्या गाडीत बसली की घोर नाही, असं आयाबाया उघड म्हणायच्या.

त्या पाचातली एक त्याची स्वतःची अंजू. तिला नर्स व्हायचं होतं. पण सटवाच्या थोरल्या भावानं, मुंजाजीनं, पाटोद्याकडचं एक स्थळ आणून ठेवलेलं. घरात चार दिवस तणतण झाली. शेवटी अंगणात सगळ्यांसमोर ठरलं, बारावी एका दमात निघाली तर पोरीनं नर्सिंगला जावं, नाही निघाली तर उन्हाळ्यात हळद. सटवानं मान डोलावली. अंजू एवढंच म्हणाली, "निघंल."

आता वस्तीवरच्या लाईटचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घरातली लाईट अशी, की फिरत्या पंख्याच्या पात्या मोजाव्यात. त्या लाईटीवर रिक्षाचा चार्जर जीवच धरत नाही. खरी लाईट विहिरीवर, शेतीच्या लाईनीची, दिवसातून आठ तास येणारी. विहीर दोघा भावांची सामाईक आणि तिच्यावर पाळी. तीन दिवस मुंजाजीचे, तीन दिवस सटवाचे. ज्याची पाळी त्याची मोटार चालायची. मोटार आणि चार्जर एकदम लावले की डीपीवरचा फ्यूज उडायचा आणि अख्खी वस्ती शिव्या घालायची. म्हणून सटवा आपल्या पाळीत गव्हाचं पाणी तोडून गाडी चार्ज करायचा. बापाच्या तेराव्यालाही या भावांनी पाळी मोडली नव्हती, इतकं ते कडक काम.

बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा, मंगळवारी. सोमवारी पाळी सटवाची. त्यानं सकाळी आठलाच वायर जोडली आणि गाडीपाशी पोतं टाकून बसला. नऊच्या सुमाराला मुंजाजीची बायको बांधाबांधानं आली. म्हणाली, "भावजी, कांद्याचे डेंगळे फुलात हायत, माना टाकल्यात. दोनच तास पाणी द्या. न्हाईतर सालाचं बियाणं गेलं."

आई मेल्यावर याच वहिनीनं सटवाला भाकरी घातली होती. तिला नाही कसं म्हणायचं? सटवानं उठून वायर काढली. दोन तासांचे पाच झाले आणि पाणी शेवटच्या वाफ्यात पोचलं तेव्हाच लाईट गेली, ती दुसऱ्या सकाळीही आली नाही. गाडीच्या काट्यावर पंचेचाळीस टक्के.

संध्याकाळी त्याची बायको भामाबाई म्हणाली, "भागवतला सांगून ठिवा. त्याची काळीपिवळी जीप खिंडीतूनच जाती."

"दोन वर्सं मी नेल्या पोरी," सटवा चिडला, "आन् परीक्षेच्या दिवशी भागवतनं न्यायच्या व्हय? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. मागं पंचेचाळिसावर गेलतो की कड्याला."

गेला होता, हे खरं. पण चार माणसं घेऊन गेला होता.

मंगळवारी सकाळी नऊला दारात पाच पोरी उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागं त्यांच्या आया! ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, केस चापून बांधलेल्या. एकीनं वाटीत दही-साखर आणलेलं. यातल्या एकीनंही कधी कॉलेज पाहिलं नव्हतं. पोरीला गेटापर्यंत सोडायचं, एवढीच हौस. भामाबाईही तयार होऊन गाडीत बसलेली. सटवानं काट्याकडं बघितलं, मग बायांकडं. 'तुमी नका येऊ' हे जिभेवर आलं आणि तिथंच विरलं. भामाबाईनं त्याचा चेहरा ओळखला. "शेळ्या हायत, मी ऱ्हाते," म्हणत ती आपणहून उतरली. सटवानं तिला 'बस' म्हटलं नाही. बाकीच्या चौघी हलल्या नाहीत. त्यांना तरी काय कळणार? रिक्षात जागा आहे तोवर माणूस बसतं, हाच आपल्याकडचा कायदा.

पाच पोरी, चार आया आणि सटवा. खडीच्या रस्त्यालाच काटा भराभर खाली यायला लागला. आया मागं गप्पात रंगल्या होत्या, पोरी स्पेलिंगं पुटपुटत होत्या. सटवाच्या पाठीवरून घाम ओघळत होता. खिंडीच्या चढावर, दहा वाजून दहा मिनिटांनी, गाडी थांबली. डिझेलची गाडी निदान खोकते, धूर सोडते, माणसाला सावध करते. ही गपकन थांबली.

"काय झालं वो भाऊ?" तेजश्रीच्या आईनं विचारलं.

"संपली," सटवा म्हणाला.

बायांनी पदर खोचले. सगळ्यांनी मिळून ढकललं. गाडी दोन हात वर चढली आणि चार हात मागं आली. कडा अजून पाच किलोमीटर होतं. अकराला पेपर, आणि अकराच्या पुढं गेटातून कुणालाच आत घेणार नाहीत, हे सरांनी बजावून सांगितलेलं. सटवानं भागवतला फोन लावला. आदल्या दिवशी लावला नव्हता तो फोन.

भागवत वीस मिनिटांत आला. गाडी बाजाराच्या माणसांनी खचाखच भरलेली. भला माणूस, मागच्या फळीवरच्या दोघांना त्यानं खाली ओढलं. "उतरा बे, पोरींचा पेपर हाय!" आत म्हाताऱ्या होत्या आणि एक बाळंतीण होती. त्यांना कुठं उतरवणार? "चौघी बसतील," भागवत म्हणाला. "पाचवीला काय डोक्यावर घिऊ?"

सटवानं नावं घेतली. "तेजश्री, चल. संगीता, तू चढ." मग उरलेल्या दोघी चुलत बहिणी. अंजूनं एक पाय फळीवर ठेवलाच होता. सटवानं तिचा दंड धरला.

"तू थांब."

"नाना!"

"मागून गाडी येईल."

मागून काय येतं ते त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. भागवतची जीप वळणापलीकडं गेली. अंजू रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पॅड छातीशी धरून. अकराला पाच कमी असताना एक मोटारसायकलवाला आला. त्यानं तिला बसवलं, जीव खाऊन पळवली. अकरा वाजून सात मिनिटांनी अंजू गेटाबाहेर होती आणि आतून कुलूप होतं.

वस्तीनं सटवाला डोक्यावर घेतलं. "देवमाणूस! लोकाच्या पोरी पुढं धाडल्या, सवताची मागं ठिवली." मारुतीच्या पारावर आठ दिवस हेच. आणि पुढच्या पेपरला त्याच लोकांनी आपापल्या पोरी मुकाट भागवतच्या जीपला नेऊन उभ्या केल्या. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही बोललं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं सटवाला.

मुंजाजीला लाज वाटली असावी. त्यानं आपणहून आपली पाळी सोडली आणि गाडी शंभर टक्के भरली. दुसऱ्या पेपरला रिक्षात एकटी अंजू. खिंड कधी आली आणि कधी गेली, कळलंसुद्धा नाही.

"बोल की काहीतरी, बाई," सटवा म्हणाला.

अंजूनं पॅड मांडीवर उपडं ठेवलं. मग म्हणाली, "मला का म्हून उतरवलं, नाना?"

"लोकाच्या लेकी व्हत्या गं त्या. त्यांच्या आयांनी माझ्या भरवशावर धाडल्या व्हत्या."

"आन् मी कुणाच्या भरवशावर आलते?"

कडा आल्यावर ती उतरली आणि मागं न बघता आत गेली.

बाकीचे सगळे पेपर तिनं झकास दिले. सर म्हणाले, इंग्रजीचं काय एवढं, जुलैत परत देता येतं. सटवानं ते मुंजाजीच्या कानावर घातलं. मुंजाजी पायताण झटकत म्हणाला, "एका दमात निघाली तर, आसं ठरलं व्हतं. चार माणसात मान डोलावली व्हतीस ना?" सटवानं पुन्हा मान डोलावली. भामाबाई चुलीपाशी रडली. अंजू रडलीसुद्धा नाही, तिनं वह्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या.

चैत्र संपता संपता पाटोद्याकडचे पाहुणे पोरगी बघायला निघाले. भागवतची जीप त्या दिवशी लग्नाच्या भाड्यात गुंतलेली. पाहुण्यांना कड्याहून आणायला सटवाचीच रिक्षा गेली. चौघे होते. नवरदेवाचा बाप पुढं सटवाशेजारी बसला आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारत राहिला. सटवा हूं हूं करत होता. खिंडीचा चढ लागला तसा त्यानं मनातल्या मनात खंडोबाला हात जोडले, देवा, आज बंद पाड हिला, इथंच बंद पाड.

गाडी सरळ चढून गेली.