रामटेकच्या पायऱ्यांवर सुटलेला श्वास

धरमपेठेतल्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड! छाती भरून श्वास घेतला, सगळा जोर लावला, पण अर्ध्यातच खोकल्याची उबळ आली. "घरी कोणी बिडी-सिगारेट ओढतं?" त्यांनी विचारलं. कोणीच नाही. "मग चूल?" चुलीपुढे मात्र मी जन्म काढला होता. शहरात हुडकेश्वरला घर होईपर्यंत गावात तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जळणाच्या धुरातच माझा स्वयंपाक चालायचा. वय वाढलं की फुफ्फुसांचा जोर सगळ्यांचाच थोडा ओसरतो, डॉक्टर म्हणाले, पण तुमच्या श्वासनळ्या धुरानं आकसल्या आहेत. हवा आत जाते, पुरती बाहेर पडत नाही. गेलेलं परत यायचं नाही. औषधानं आणि रोजच्या चालण्यानं उरलेलं सांभाळायचं.

घरी आल्यावर देवापुढे बसले, पण हात जोडवेनात. लेकरांसाठी चूल पेटवली, त्याची ही शिक्षा? डॉक्टरांनी दिलेला श्वासाच्या औषधाचा पंपही चारचौघांत ओढायची लाज वाटायची.

माझी ही अवस्था पाहून यजमान म्हणाले, "चाल वं, रामटेकले जाऊन येऊ. गाडी वरपर्यंत जाते." मी हट्टानं टेकडीवरच्या राममंदिराकडे पायऱ्यांनी निघाले. खरं सांगायचं तर भक्तीनं नाही. मला रामाला माझी धाप ऐकवायची होती.

अर्ध्या वाटेवर दम संपला. तोंड उघडून हवा ओढत होते, तरी छातीत जागाच नव्हती. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवर बसले. यजमान पुरते घाबरले. "काहून वं? काय होऊन राहिलं तुले?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

तेवढ्यात दर्शन घेऊन उतरणारी एक बाई थांबली. माझ्या मुलीच्या वयाची असेल. "पंप आहे का, काकू?" तिनं विचारलं. यजमानांनी माझ्या पिशवीतून काढून दिला. मी तो ओढला. मग ती माझ्यामागे बसली आणि पाठीला पाठ टेकवून म्हणाली, "आता ओढू नका. पहिले सोडा. गरम चहावर फुंकर घालता ना, तसा हळूहळू सोडा. माह्या मायलेही दमा होता."

तिची पाठ संथपणे वरखाली होत होती. मी सोडत गेले. श्वासासोबत डोळ्यांतलं पाणीही सुटलं. किती वेळ गेला कोण जाणे, पण छातीतली गाठ सैल झाली आणि पुढचा श्वास आपसूक आत आला. त्यासाठी मी काहीच केलं नव्हतं. "बरं वाटते ना?" एवढं विचारून ती उतरून गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

यजमान परत फिरू म्हणत होते. मी म्हटलं, "बसत बसत जाऊ." वर पोचलो तेव्हा आरती सुरू झाली होती. पहिल्याच लांब ओळीत माझा आवाज तुटला. पूर्वी असतं तर मी ती ओढूनताणून पुरी केली असती. आता गप्प राहिले. आजूबाजूच्या माणसांनी ती ओळ पुढे नेली, आणि श्वास भरल्यावर मी पुन्हा त्यांच्यात मिसळले. देवाला जे ऐकवायला आले होते, त्यातलं काही आठवेना. रामराया, तू दिलेला एवढा श्वास मला पुष्कळ आहे.