वीस असताना मागितलेलं पान

आमच्या दाजींइतक्या ठामपणे गोंधळात पडणारा माणूस जुन्या हैदराबाद राज्यात दुसरा नव्हता, असं मी आजही छातीठोकपणे सांगेन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परभणीकडच्या आमच्या गावाहून मी नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि चिक्कडपल्लीत त्यांच्याच घरी राहिलो. कचेरीही एकच. एकदा ताईसाठी लुगडं आणायला ते सुलतान बाजारात गेले. दुकानदार फारच भला निघाला म्हणून त्याच्या मुलीसाठी स्थळ शोधत हिमायतनगर पालथं घातलं आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी आले. ताईने लुगड्याचं विचारलं, तर म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण उंची कमी पडते."

त्यांचा खरा अभ्यास मात्र एकवीस नावाच्या पत्त्यांच्या खेळाचा. खेळ सोपा. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की मेलात. चित्राचं पान म्हणजे दहा. रविवारी दुपारी जेवणं झाली की शेजारचे वकीलसाहेब येत आणि चिंचोके लावून डाव सुरू होई. दाजींचं म्हणणं असं, की डाव नशिबाचा नसतोच. दुऱ्या, तिऱ्या, पंज्या पडून गेल्या की गड्डीत राजेराण्या उरतात. तोवर एकेक चिंचोका लावत गप्प बसायचं आणि मग एकदम वाढवायचं. "कधी वाढवायचं हे ज्याला कळलं, त्याला सगळं कळलं," असं ते मला दर रविवारी सांगत. मला ते कधीच नीट कळलं नाही आणि त्यांनाही मोजणी कधी साधली नाही. शाळा उर्दूत झालेली, म्हणून लहान पानं ते उर्दूत मोजत. पाढे आजोबांकडून आलेले, म्हणून चित्रं मराठीत. त्यात दूधवालीने दारातून तेलुगूत "रेंडु शेर?" असं विचारलं की तेही दोन बेरजेत जात. मग भलत्याच वेळी ओंजळभर चिंचोके पुढे सारत आणि हरत. वकीलसाहेब ते आपल्या टोपीत भरत, आणि जाताना ताईच्या डब्यात परत ओतत.

अशात राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरलं. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, बाकीचे आंध्राकडे. कचेरीत कागद आला, की कोणाला कुठे जायचं ते लिहून द्या. महिनाभर कोणी कोणाच्या फाइलला हात लावला नाही. सकाळी म्हैसूरला निघालेला माणूस चहानंतर मुंबईचा होई. दाजींचा निकाल मात्र पहिल्याच दिवशी लागला होता. आपल्या माणसांत जायचं. नांदेडकडच्या थोरल्या भावांना त्यांनी तसं कळवलंही आणि भावांनी गावात सांगून टाकलं. मला तर त्यांनी समोर बसवून मुंबई लिहायला लावलं. "तिकडं सगळ्या मोठ्या जागा मोकळ्या आहेत. हीच वेळ आहे लेका, वाढव." मी वाढवलं. ताईचा पंधरा वर्षांचा संसार या गल्लीत झाला होता. पहिल्या बाळंतपणात आईच्या आधी वकीलसाहेबांची बेगम तिच्या उशाशी बसली होती. त्या दिवसांत तिने तीनदा भाजीत मीठ घातलं नाही आणि दाजींनी तीनदा ती मुकाट्याने खाल्ली.

कागद द्यायच्या आदल्या रविवारी वकीलसाहेब आले. त्या दिवशी दूधवाली आली नाही, कोणी हाकही मारली नाही, आणि दाजींची मोजणी जन्मात पहिल्यांदा बरोबर आली. मीही मनात मोजत होतो. लहान पानं संपली होती. दाजींनी सगळे चिंचोके पुढे सारले. वकीलसाहेबांनी ते हाताने बाजूला केले आणि हळू आवाजात म्हणाले, "ये नक्को मियाँ. मैं जीता तो तुम यहाँच रहते."

दाजी गड्डीकडे बघत "हौ" म्हणाले.

दाजींना राजा आला, राणी आली. वीस. वकीलसाहेबांचं एक पान उघडं होतं, नव्वी. आता हात बांधून बसायचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दाजींनी बोट वर केलं आणि आणखी एक पान मागितलं. वकीलसाहेबांचा हात गड्डीवर थबकला. त्यांनी दाजींकडे पाहिलं आणि पान दिलं. बदामाची दश्शी. तीस. मग वकीलसाहेबांनी आपलं झाकलेलं पान उलटलं, तो राजा होता. एकोणीस. दाजी नुसते बसून राहिले असते तरी जिंकले असते. आत ताईच्या हातातलं भांडं खाली पडलं आणि बराच वेळ ते कोणी उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींनी कागदावर आंध्र लिहिलं आणि भावांना कळवलं, की जबान दिली, इलाज नाही. माझा कागद आधीच वर गेला होता. मला औरंगाबाद मिळालं. काचीगुड्याच्या स्टेशनावर दाजी पोचवायला आले, तेव्हा मी विचारलंच, की वीस असताना पान का मागितलं. ते माझी वळकटी घट्ट बांधत राहिले आणि म्हणाले, "खिडकीपाशी बस. धूर आला तर काच लाव." पान चुकून मागितलं, की मुद्दाम, की मला मुंबई लिहायला लावतानाच आपण इथेच राहणार हे त्यांना ठाऊक होतं, यातलं काहीच मला आजवर उलगडलेलं नाही. गाडीत मला त्यांचा राग आला होता. तो मनमाडची गाडी परभणीला पोचेपर्यंतही टिकला नाही.

दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. आयुष्यभर उर्दूत लिहिलेल्या माणसाचं ते मराठी पत्र होतं. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी, मोठमोठी, ओळ सोडून खाली उतरणारी, काना एकीकडे नि मात्रा दुसरीकडे. चारच ओळी होत्या. सगळे मजेत आहेत, तब्येत जप, जेवणाची आबाळ करू नकोस, आणि शेवटची ओळ दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली: "तू गेल्यापासून घर फार मोठं झालं आहे."