झुरंग राजाच्या लेकीचं बाळंतपण

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सांगाले बसलं की घ्याच लागते. आमचे हे म्हणजे उकंडराव. इंझोरीत आमची पिठाची चक्की हाय, थोडं वावर हाय, त्यात सोयाबीन अन् तूर होते. अन् ह्यायच्याजवळ एक राज्य होतं. हसू नका. आभाळातलं राज्य, शंभरावर ग्रह होते त्यात, अन् कितीक वर्षांपासून हे एकटेच ते बुडवून राह्यले होते. गावात कोणाले बी विचारा, सांगन.

सुरू झालं ते लाईनीच्या पायी. लाईन गेली की चक्की बंद, अन् बाया डबे घेऊन ओट्यावर. घरी जावं तं नंबर जाते, बसावं तं घरचं काम पडते, मंग भांडणं. एक दिवस हिरीबाई अन् ललिताबाई नंबरासाठी अशा जुंपल्या, का आता एकमेकीच्या झिंज्या धरतात. तवा हे मधात पडले अन् म्हणे, "थांबा वो बायांनो, मी तुमाले एक गोष्ट सांगतो." हिरीबाई आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी अन् सगळ्यात तिखट तोंडाची. ती म्हणे, "सांग, पण देवादिकाची नको. त्या मले तुह्यापेक्षा जास्त येतात."

मंग ह्यायनं झुरंग काढले. झुरंग म्हणजे कुठल्या तरी दूरच्या सूर्याजवळचे लोक. अंग निळं, हात चार, कान नाहीत, कातडीनं ऐकतात. हे कालेजात सायन्सचं एक वर्ष शिकले होते. मंग सासरे गेले अन् चक्की गळ्यात पडली. ते एक वर्ष ह्यायच्या पोटात तसंच पडून होतं, असं मले वाटते. एकदा बाहेर निंगालं ते थांबलंच नाही.

झुरंगांचं राज्य एके काळी लय मोठं होतं म्हणे. पण त्यायचा सूर्य थंड होऊन राह्यला होता. काठाकाठाचे ग्रह एकेक करून सुटून चालले होते, आभाळात उडणारी यानं गंजून पडली होती, अन् पोरं होणं जवळपास बंद झालं होतं. राजा म्हातारा. अन् त्या राजाची एक गोम होती. एकदा गादीवर बसला की त्याले उठता येत नाही. साऱ्या ग्रहांले बांधून ठेवणारी तार त्याच्या अंगातून जाते. तो उठला की तार तुटली, अन् राज्य खलास.

हिरीबाईनं लगेच विचारलं, "मंग तो परसाकडे कसा जाते?"

हे म्हणाले, "झुरंगांले ते लागत नाही."

"भल्ला नशीबवान हाय बापा," हिरीबाई म्हणे.

तं असं होतं ते. लाईन गेली की राज्य सुरू, लाईन आली की बंद, कारण चक्कीच्या आवाजात काही ऐकू येत नाही. दुसऱ्या गावात लाईन गेली की लोक शिव्या देतात. आमच्या इथं लाईन आली की बाया म्हणत, "घ्या, आली मेली!" मी त्या ऐकणाऱ्यांतली नव्हती. मी आपली चहा घेऊन जाओ, तेवढ्यात जे कानावर पडन ते पडन. मले वाटे, ज्या माणसाले घरचा नळ दुरुस्त करता येत नाही तो आभाळातलं काय सांगते.

आमाले एकच लेक, रूपाली. वाशीमले शिकाले होती. तिथं तिले शिवम भेटला, केनवडचा, जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान हाय त्याचं. पोरगा चांगला, पण दुसऱ्या जातीतला. ह्यायनं नाही म्हणलं, तिनं लग्न केलं. बस. त्या दिवसापासून तिचं नाव घरात बंद. तिचा फोन आला की हे मोबाईल उपडा ठेवत अन् बाहेर जात. मंग मी उचलून बोलो, चोरासारखी, माह्याच घरात.

अन् आता ऐका. रूपाली गेली त्या उन्हाळ्यापर्यंत त्या झुरंग राजाले लेक नव्हती. कितीक वर्षं सांगून राह्यले, एक अक्षर नाही लेकीचं. त्या उन्हाळ्यात लाईन गेली, हे ओट्यावर बसले अन् म्हणाले, "राजाले एक लेक होती." ती खाणीच्या ग्रहावर पळाली, तिथल्या एका माती खोदणाऱ्याशी लग्न लावलं, अन् राजानं हुकूम काढला का कोणत्याच ग्रहावर तिचं नाव घ्याचं नाही. ओट्यावरच्या साऱ्या माह्याकडे पाहून राह्यल्या. मी चहाच्या गिलासात पाहत होती. ह्यायले स्वतःले कळलं होतं का आपण काय सांगून राह्यलो? मले अजून बी माहीत नाही.

दोन वर्षं गेली. एक दिवस सकाळी रूपालीचा फोन आला. "आई, मले सातवा लागला." लाजत होती का रडत होती समजलं नाही. पयलं बाळंतपण माहेरी होते, हे का कोणी सांगाले लागते? तिनं विचारलं नाही, मी बी बोलली नाही. पण दोघी बी फोन धरून बसलो होतो.

ह्यायच्या ताटात भाकर वाढली अन् सांगितलं. हे म्हणाले, "हं." अन् भाकर मोडली. मले असा राग आला, का ते ताटच उचलून आंगणात फेकावं.

त्याच दुपारी लाईन गेली. मी चहा घेऊन गेली तं काय, आभाळातली पोरगीही पोटुशी! सकाळी मी सांगितलं अन् दुपारी हे तिकडे सांगून राह्यले. खाणीच्या ग्रहावरून बातमी आली म्हणे, साऱ्या राज्यात कितीक वर्षांत पयलं मूल.

हिरीबाई म्हणे, "मंग आण तिले माहेरी."

हे म्हणाले, "काकू, झुरंगांच्या बाया अंडं देतात. बाळंतपण नसते त्यायच्यात."

"अंडं देवो नाही तं काही देवो, पयलं माहेरीच होते."

"अन् त्या खाणीत तिले डिंकाचे लाडू कोण करून देईन?" ललिताबाई म्हणे. "अंड्यावर बसाले तरी कोणी लागन का नाही? का तेही नवऱ्यानंच बसाचं?"

साऱ्या हसल्या, पण मागं हटल्या नाहीत. रोज तेच. लाईन गेली रे गेली, का "आणली का पोरीले?" हे लढाया सांगत, सूर्याची राख सांगत, कोणी ऐकेना. शेवटी हिरीबाई म्हणे, "राजा एवढा आडमुठा असन तं मी आपलं दळण दुसऱ्या चक्कीत नेईन." राज्य बुडत होतं तवा ह्यायले काही वाटलं नव्हतं, पण गिऱ्हाईक जाते म्हणल्यावर राजा नरमला.

राजाले तं उठता येत नाही. म्हणून त्यानं आपलं सगळ्यात चांगलं यान पाठवलं. वस्त्रं दिली, चार म्हातारे झुरंग दिले सोबत. यान खाणीच्या ग्रहावर उतरलं, लेक बसली अन् घरी आली. राजानं तिच्या डोक्यावर चारही हात ठेवले. ओट्यावर बायांनी पदर डोळ्याले लावले. झुरंगांले आसवं येत नाहीत असं ह्यायनंच सांगितलं होतं, पण ह्यायचेच डोळे भरून आले. मी तिथंच उभी होती. मले वाटलं, आता बोलतीन. आता घरी चालतीन अन् म्हणतीन, रूपालीले आणू.

हे घरी आले, हात-पाय धुतले अन् म्हणाले, "वाढ."

माणूस असा कसा असते हो? तिकडे निळ्या पोरीसाठी रडते अन् आपल्या पोरीचं नाव निंगत नाही. दुसऱ्या दिवशी लाईन गेल्यावर मी चहा नेलाच नाही. हात हलवत गेली अन् बायांमधी ओट्यावर बसली. सगळ्यांदेखत विचारलं, "राजानं लेक आणली. तुमी काहून नाही आणत?"

हे खाली पाहत होते. मंग हळूच म्हणाले, "राजाले गावात राहाचं नाही, रुख्मिणी."

याचं उत्तर हिरीबाईजवळ होतं.

"गाव म्हणजे कोण रे उकंडा? आमीच ना?" ती म्हणे. "पोरगी गेली तवा बोललो आमी, नाही म्हणत नाही. तोंड हाय, बोललो. आता तेच तोंड म्हणते, आण पोरीले."

एवढ्यात लाईन आली. हे एखादा सुटलेला माणूस उठावा तसे उठले अन् बटन दाबलं.

पण बोल लागला होता. दोन दिवसांनी ह्यायनं गावातल्या मदनसिंगची जीप भाड्यानं सांगितली. लुगडं आणलं, नारळ आणला. मी म्हणलं, "तुमी जा." हे म्हणे, "चक्की कोण पाहीन? दळणं पडून हायेत." "मंग मी जाते," मी म्हणलं. "तू घर आवर." मले एवढा आनंद झाला होता का मी भांडली नाही. खोली सारवल्यासारखी पुसून काढली, बाज बाहेर काढून ऊन दाखवलं, तूप कढवलं. चूक माहीच. ज्या माणसानं यान पाठवलं तोच जीप पाठवून राह्यला होता, हे माह्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी जीप रिकामी आली. लुगडंही परत. मदनसिंग डोकं खाजवत उभा राह्यला.

"काय म्हणे ती?" ह्यायनं विचारलं.

"भाऊ, तुमी रागावसान."

"सांग."

"म्हणे, मी काही दळणाचा डबा नाही, जीपीत टाकून आणाले. बाबा आले तं पायी चालत येईन म्हणे."

त्या राती हे जेवले बी नाहीत. मले लेकीचा अभिमान वाटला अन् ह्यायची कीवही आली, दोन्ही एकदमच.

चार-पाच दिवस असेच गेले. मंग एक दिवस भर सकाळी लाईन गेली. चक्कीत डब्यांची रांग होती अन् ओटा बायांनी भरला होता. ललिताबाईनं विचारलं, "काय भाऊ, अंडं दिलं का पोरीनं?"

हे मंग म्हणाले, "ती आलीच नव्हती. मी तुमाले खोटं सांगितलं. यान रिकामं आलं."

"मंग?" हिरीबाईनं विचारलं.

"मंग राजा उठला."

"अन् राज्य?"

"गेलं," हे म्हणाले अन् खरंच उठले. चक्कीचं शटर ओढलं, कुलूप लावलं. बायांचे डबे आतच. तेवढ्यात लाईन आली, तरी माघारी पाह्यलं नाही. माह्याकडे येऊन म्हणे, "चप्पल घाल. केनवडले जाचं हाय." अन् त्या बाया, ज्या नंबरासाठी झिंज्या धरत, त्यातल्या एकीनं बी आपला डबा मागितला नाही.

वाशीमले गाडी बदलली. रिसोडच्या रस्त्याले लागलो तं शिवमचा फोन आला. मी उचलला. "आई, मुलगी झाली," तो म्हणे. "पहाटेच दवाखान्यात आणावं लागलं. दोघी चांगल्या हायेत." मी ह्यायले सांगितलं. हे म्हणाले, "पण अजून तं दिवस बाकी होते." मंग पुऱ्या रस्त्यानं खिडकीतून बाहेर पाहत राह्यले.

दवाखान्यात रूपालीची सासू तिले चमच्यानं पेज पाजत होती. पोरगी बाजूले फडक्यात गुंडाळलेली. शिवम उठून उभा राह्यला. हे दारातच थांबले, हातात काही नाही, कपड्यावर पीठ तसंच.

"घरी चाल," हे म्हणाले. दोन वर्षांतला पयला शब्द.

रूपालीनं ह्यायच्याकडे पाह्यलं. रागानं नाही. राग असता तं बरं झालं असतं.

"आता कायले, बाबा?" ती म्हणे. "झालं ते."

सासूबाईनं पेजेची वाटी खाली ठेवली. ह्यायले जावं का थांबावं ते समजेना, तसेच दारात उभे. मले रडू आलं, मी आवरलं नाही. मंग रूपालीनं हळूहळू, दुखत असन तिले, आपले पाय जवळ ओढून घेतले, अन् खाटेच्या पायथ्याशी एका माणसापुरती जागा झाली.

हे येऊन बसले.