आत्याचं पहिलं गाणं आणि उघडलेला माइक

माझा चुलतभाऊ तुळिंजच्या आपल्या दोन खोल्यांपैकी एकीला स्टुडिओ म्हणतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आहेत. शेजारची पिठाची गिरणी त्यांना भीक घालत नाही. या खोलीत तो स्वस्तातले माइक उघडून आतले भाग बदलतो. त्याच्या मते कंपनीकडून येतो तो नुसता कच्चा माल. जाळीमागची आवाज पकडणारी चकती परदेशी बसवली, एक-दोन कपॅसिटर बदलले, की तोच माइक भल्याभल्यांना लाजवतो. आवाजाला ऊब येते, खोली येते, रेशमीपणा येतो. एखाद्या वस्तूला इतकी विशेषणं लागायला लागली की मी ती वस्तू जरा निरखून बघतो.

त्याचं आणि माझं हे भांडण बिनमहत्त्वाचं होतं. मग गास गावातल्या आमच्या आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज बसू शकतो, कदाचित बसलेलाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्या गावात हळदीची गाणी म्हणते, आणि तिच्या नातीची हळद ऑपरेशननंतर होती. तिचं मागणं एवढंच होतं की गाणी आधीच भरून ठेवा, पोरीची हळद मुकी जायला नको.

भावाने एकाच कंपनीचे दोन सारखे माइक आणले आणि त्यातला एक उघडून सुधारला. दुपारी आत्याच्या ओटीवर परीक्षा झाली. त्याच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राचं माइक जोडायचं एकच भोक चालू होतं, म्हणून दोन्ही माइक एकदम लावता येईनात. आधी साधा लावला, मग सुधारलेला. साध्यावर आत्या विहिरीच्या तळातून गात असल्यासारखी वाटली. सुधारलेल्यावर तिचा आवाज अंगणभर झाला. आत्याच्या सुनेने हातातले तांदूळ निवडायचं थांबवलं. भावाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका तो जिंकला होता.

पण त्याने लगेच दुसरा प्रस्ताव काढला. आता दुसराही माइक सुधारू, दोन्ही बाजूंनी आवाज घेऊ, सुटे भाग बाहेरून यायचेत तोवर थांबू. ते कधी येतील असं विचारलं तर त्याने खांदे उडवले. ऑपरेशनची तारीख मात्र ठरलेली होती. आत्याने पदर गळ्याशी ओढून घेतला.

फरक मीही ऐकला होता. संशय आला तो फरक इतका मोठा असण्याचा. परतताना मला गावातल्या हळदी आठवल्या. पहिलं गाणं बायका नेहमीच खाली, पुटपुटल्यासारखं म्हणतात. कुणी आतून हात पुसत येते, कुणी शेजारून, आणि मांडव भरला की आवाज वर चढतो. आत्याने जन्मभर तसंच गायलं होतं. त्या दिवशीही तिने पहिलं गाणं तसंच म्हटलं आणि ते नेमकं साध्या माइकच्या वाट्याला आलं.

दुसऱ्या सकाळी मी भावाला सुधारलेला माइक आधी लावायला सांगितलं. तो हसला आणि लावला. या वेळी विहिरीचा तळ सुधारलेल्याच्या वाट्याला आला. साध्यावर आत्या मोकळी झाली. भाऊ म्हणाला, सकाळी हवा दमट असते.

"आणि दुपारी ती फक्त तुझ्याच माइकपुरती कोरडी होते?" मी विचारलं.

"दादा, तुला ऐकायचंच नाहीये."

वाद काय आहे ते आत्याला सांगावं लागलं. ती भावाला म्हणाली, "अरे, पयलं गानं कोन गळा काढून गातं? ते बायका बोलवायला असतं. तू इथे ह्या माइकचा एक खांब उभा केलायस. त्याला बघून कोन येनार?"

मग शेजारच्या बायकांना आत घरात बोलावलं. खिडकी लावली, फ्रिज बंद केला, आणि साध्या माइकवर तिची सगळी गाणी भरून घेतली. न्यायाने सांगायचं तर नंतर मी निवांत दोन्ही माइक पुन्हा ऐकले. सुधारलेल्यात 'स' जरा कमी टोचतो. फ्रिज बंद केल्याने पडलेला फरक त्याहून मोठा होता, आणि त्यासाठी परदेशातून काहीच मागवावं लागलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. आवाज बसला तो बसलाच. हळदीच्या दिवशी भावाने मांडवात स्पीकर लावून गाणी सुरू केली. पहिलं गाणं खालच्या पट्टीत चाललं होतं, तशी एकेक बाई येऊन बसली आणि गायला लागली. दुसऱ्या गाण्यापर्यंत स्पीकर कुणाला ऐकूच येईना. आत्या मधोमध बसून घोगऱ्या कुजबुजीत पुढची ओळ आधीच सांगत होती आणि बायका ती उचलत होत्या.

भाऊ स्पीकरला कान लावून उभा होता. "आवाज दबतोय," तो मला म्हणाला. "हा एकदा उघडून बघायला पाहिजे."