पहिल्या चांदणीआधीचं कॉम्पोत: शारजा ते अल ऐन

एरवी कुठल्याही आमंत्रणावर मी दोन दिवस विचार करते. दानुताचा फोन आला तेव्हा मात्र नवऱ्याला, मिलिंदला न विचारताच हो म्हणून टाकलं. दानुता पोलंडची, नर्स. शारजात अल नहदाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं राहिली, मग नोकरीसाठी अल ऐनला गेली. तिची आई मार्चमध्ये वारली होती आणि नाताळला वडील पहिल्यांदाच एकटे तिच्याकडे आले होते. "बाबांना आईच्या हातचं कॉम्पोत हवंय," ती म्हणाली. "ते कसं जमवू?"

कॉम्पोत म्हणजे सुकी फळं लवंग-दालचिनी घालून उकळायची आणि गार करून प्यायची. नाताळच्या आदल्या दिवशी पहिली चांदणी दिसेपर्यंत उपास, मग जेवणाबरोबर हे. त्यातले प्लम धुरावर सुकवलेले लागतात, ते इथे मिळत नाहीत. बाकीची खरेदी मी अंगावर घेतली आणि दानुता चारपर्यंत ड्युटीवर म्हणून उकळण्याचं कामही.

चोवीस तारीख शुक्रवारी आली होती. तुम्ही जाणार असाल तर लक्षात ठेवा, शुक्रवारी सकाळी दुबईतल्या देराच्या मसालेबाजारात बहुतेक दुकानं बंद असतात. आम्ही गुरुवारी संध्याकाळी गेलो. इराणी दुकानदाराने आलुबुखारांची, म्हणजे सुक्या प्लमचीच, मूठ पुढे केली. मी हात मागे घेतला. सणाचं आहे, नैवेद्यासारखंच. आधी कसं चाखायचं?

"चखे बिना कौन लेता है, हबीबी?" त्याने मिलिंदला विचारलं.

"ये लेती है," मिलिंद म्हणाला.

किलोला वीस दिरहम, म्हणजे जवळजवळ चारशे रुपये.

शुक्रवारी सकाळी आठला निघालो. दुबई मागे पडली की वाळू हळूहळू लाल होत जाते. उंट रस्त्यावर येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लांबच लांब जाळी. पंपावर करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा घेऊनही दोन तासांत पोचलो. अल ऐनमध्ये टॉवर नाहीत, त्यामुळे आभाळ केवढं तरी दिसतं. मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

दार दानुताच्या वडिलांनी उघडलं; आमच्यासाठी ते आजोबाच. त्यांना पोलिशशिवाय काही येत नाही. त्यांनी सामानातून एक निळं एनॅमलचं पातेलं काढून माझ्यापुढे ठेवलं. बायकोचं. पोलंडहून कपड्यांत गुंडाळून आणलेलं. मग खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारातच बसले. मी फळं भिजवली, उकळली. वास घरभर गेला.

साडेचारला दानुता आली, आल्या आल्या चमचा बुडवला आणि थांबली.

"मीठ घातलंस?"

आलुबुखार खारवलेले होते.

"तू चाखलं नाहीस?"

"उपासाचं आहे ना. तुमच्या देवाच्या आधी मी कशी चाखू?"

दानुता म्हणाली, "माझी आई दहादा चाखायची."

चांदणीला जेमतेम दीड तास होता. पाणी ओतून दिलं, आलुबुखार फेकले, सफरचंद आणि नासपतीच्या फोडी धुऊन पुन्हा चढवल्या. प्लमच्या जागी दानुताकडचा इथलाच खजूर. पण धूर? तेव्हा मला धुंगार आठवला. मिलिंद यल्ला यल्ला, चला चला करत कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतून बखूर, म्हणजे इथला धूप, जाळायचा कोळसा घेऊन आला. खजूर कोरड्या भांड्यात, मधोमध वाटीत लाल निखारा, त्यावर दोन लवंगा, वर झाकण. दहा मिनिटांनी झाकण उघडलं तसे आजोबा खुर्चीतून उठले, भांड्यावर वाकले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. खजूर पातेल्यात गेला. उकळी आल्यावर दानुताने चमचा माझ्या हातात दिला. मी डोळे मिटून चाखलं.

पातेलं बर्फात ठेवून गार केलं. चांदणी आमच्या लेकीने, ईराने शोधली. टेबलावर एक ताट जास्त होतं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. तशी त्यांची रीतच आहे. आजोबांनी एक घोट घेतला आणि काहीतरी बोलले.

"आईचं नाही, म्हणतायत," दानुताने सांगितलं. माझा चेहरा पडला असणार.

आजोबांनी पेला संपवला, पुन्हा भरला आणि त्या रिकाम्या ताटाजवळ नेऊन ठेवला. पुढे काही बोलले, ते दानुताने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शनिवारी घरी आलो. गाडीत मी हेच घोळत होते की खजूर घालून मी त्यांना फसवलं का? त्यांना फरक कळला होता, म्हणजे फसवलं नाही. पण पहिलं पातेलं माझ्या सोवळेपणानेच वाया गेलं, हे खरंच.

पुढच्या संकष्टीला मोदकांचं सारण झालं. हात तोंडापाशी गेला आणि तिथेच थांबला. खोबरं दुकानातच चाखून आणलं होतं, तेवढ्यावर देवाने चालवून घ्यावं.