अक्काच्या मातीला मी का नव्हते

अक्काच्या मातीला मी गेले नाही.

काल दुपारपासून ग्रुपवर कुजबुज चालू आहे, म्हणून इथेच लिहिते. एकदाच.

अक्का म्हणजे आमच्या संस्थेची अक्का. धरणगावची. लग्न केलं नाही आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी भांडली.
स्टेशनवर एकटी सापडलेली पोरं. कोणी बिहारचं, कोणी ओडिशाचं, कोणी थेट नेपाळहून आलेलं. त्यांची भाषा इथे कोणाला येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने दुसरंच कोणीतरी बोलतं.

अक्काचं एकच म्हणणं, आधी पोराचं ऐका, बाकी सगळे नंतर.
"पोरले इचारा पह्यले. मंग बठ्ठासले."

त्यावरून तिने किती जणांशी वाकडं घेतलं! साहेब लोक तिला बघून लगेच खुर्ची पुढे करायचे. आदराने की धास्तीने, ते मला आजवर कळलेलं नाही.

मध्यंतरी एक नेपाळी मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची असेल. नाव लिहीत नाही, अक्का ओरडली असती. आम्ही तिला छोटी म्हणायचो.

कुठल्यातरी बंगल्यात धुणीभांडी करत होती. तिथून पळाली आणि दिसेल त्या गाडीत बसली.
हे आम्हाला कळलं ते सरिताभाभीमुळे. चौकात चायनीजची गाडी लावते ना, तीच. मूळची नेपाळची. अक्काने तिला भर धंद्यातून हाताला धरून आणलं होतं.

मग एक दिवस एक माणूस उगवला. म्हणाला, मी मुलीचा मामा, न्यायला आलोय.
त्याला बघताच छोटीची जी वाचा बसली, ती बसलीच.

तोवर तिच्या आईचा पत्ता लागला होता. डोंगरातलं गाव. तिथल्या शाळेच्या मास्तरांकडे फोन. आम्ही छोटीचा फोटो पाठवला.

आईचं उत्तर आलं, ही माझी मुलगी नाही.

आई नाही म्हणते, मामा हो म्हणतो. मग पोरगी कोणाच्या ताब्यात जाणार, तुम्हीच सांगा.

अक्का तेव्हा हॉस्पिटलात, ऑक्सिजनवर. मी तिला फोटो दाखवला. तिने मास्क बाजूला केला आणि मला झापलं.

"हाई काय करी ठेयं वं तुम्हीन?"

काय केलं होतं? सगळ्याच पोरींचं करतो तेच. न्हाऊ घातलं, उवा झाल्या म्हणून केस कापले, नवा फ्रॉक, पावडर, ठसठशीत टिकली. लाडच केले हो! आणि त्या लाडात तिच्या आईची पोरगी पार पुसून टाकली.
दोन वर्षं लेक न दिसलेल्या बाईने मास्तरांच्या फोनवर ही नटवलेली पोर कशी ओळखायची?

"तिले तिना कपडा घाला," अक्का म्हणाली. "तिनी माय तिले वळखी."

पोरांचे जुने कपडे धुऊन ठेवायचे, फेकायचे नाहीत, हा नियम अक्काचाच. आम्ही नाकं मुरडायचो.
छोटीचा विटका लाल स्वेटर कपाटात होता. आखूड झालेला. कोपरावर आईने निळ्या लोकरीने विणून भोक बुजवलेलं.
तो घातला. टिकली काढली. पुन्हा फोटो पाठवला.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. मागे एक बाई हमसून हमसून रडत होती.

बालकल्याण समितीपुढे काल दुपारची तारीख होती. आई व्हिडिओ कॉलवर येणार, सरिताभाभी भाषा सांगणार, मी छोटीजवळ बसणार.

आणि काल पहाटे अक्का गेली.

तिच्या भावाचा, नानांचा फोन आला. "बेटा, दुपारले माती शे. येजो."

मी हो म्हणाले. बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुऊन बाहेर आले तर छोटी तयार होऊन दारात उभी. एवढ्या उन्हात स्वेटर घालून.

नाही बसवलं मला धरणगावच्या गाडीत. छोटीबरोबर दुसऱ्या कोणाला पाठवणार होते? ती पोर फक्त दोघींचा हात धरायची. एक अक्का, एक मी.

कॉल लागला. अडकला. पुन्हा लागला.
स्क्रीनवर तिची आई दिसली आणि आमची मुकी छोटी खुर्चीवर उभी राहून ओरडली,

"आमा!"

मग बोलतच सुटली. सरिताभाभीला ते मराठीत सांगताना दम लागला.
हा मामा नाही. शाळेत घालतो म्हणून यानेच गावातून आणलं. यानेच त्या बंगल्यात सोडलं. आईनेही तेच सांगितलं.

त्या माणसाला पोलिसांनी तिथेच बसवून ठेवलं. छोटी आता आईकडे जाईल. दोन देशांचं काम आहे, वेळ लागेल. पण जाईल ती आईकडेच.

बाहेर आल्या आल्या मी हे सांगायला अक्काला फोन लावला. सवयीने.
रिंग वाजत राहिली.
तेव्हा कुठे मला कळलं, ती गेली.

संध्याकाळी धरणगावला पोचले. अंगणात बायका बसलेल्या. आत्ता कुठे उगवली, अशा सुरात कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आते उनी का?"


आमच्याकडे मातीनंतर शेजारी जेवण आणून देतात. कडू घास. तो घरच्यांनी खायचा. मी कोण? मी बाहेरच ओट्यापाशी उभी राहिले.

नाना उठून आले. मला हाताला धरून आत नेलं. चुलीपाशी एका ताटात पिठलं-भाकरी झाकून ठेवली होती.

"बस बेटा. तुना घास ठेयेल शे."

मी खाली बसले. भाकरी मोडली. नानांनी हळूच विचारलं,

"पोर मायकडे जाई ना?"

"जाई, नाना."

मग म्हातारा जो रडला...

अक्का, खूप आठवण येईल गं. माझा शेवटचा नमस्कार.