व्याह्यांची पाठमोरी सवारी

आमच्या लेकीचं, प्रणालीचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) मोडता मोडता राहिलं, त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

दोष जर्मनीतल्या एका इंजिनीअरचा! मोबाइलवर त्याच्या गाड्या पाहिल्या. एका चाकाची मोटर, झोपून चालवायची सायकल आणि पाठीला पाठ लावून बसायची गाडी. म्हटलं, त्याले जमते तर मले काऊन नाई? वांग्याच्या वाडीतला पंप काय तो जर्मन येऊन दुरुस्त करतो? जुन्या ऑटोची मागची सीट मी उलटी फिरवून पक्की वेल्डिंग करून टाकली.

"अवो, यात माणसं बसवता का भाजीच्या डाल्या?" बायकोनं विचारलं. (तिला विज्ञान कळत नाही.)

साक्षगंधाच्या दिवशी बाकी पाहुणे जीपनं पुढं गेले. मुलाच्या वडिलांना, म्हणजे व्याह्यांना, जाम गावच्या चौकातून मानानं आणायचं काम मी स्वतःकडे घेतलं. फेटा बांधलेले व्याही मागं बसले.

"मले गाव काऊन नाई दिसून राह्यलं?"

"पोहोचल्यावर दिसन नं! घट्ट धरून बसजा!"

मांडवाच्या दारात बँड वाजला. पुढच्या सीटवरून मी हसत हसत आत आलो, तर आरती मलाच! गुलाल मला, हारही मला! (हार घालणारे आमचे मोठे काका चष्मा घरी विसरून आले होते.) आणि व्याह्यांच्या तोंडासमोर काय? तर उकिरडा आणि त्यावरची म्हैस.

"मी पोराचा बाप हावो का गाडीची स्टेपनी?" व्याही कडाडले. "मोडली सोयरीक!"

प्रणालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"थांबा!" मी म्हणालो. "तुमचं तोंड पुढं पायजे नं? गाडी रिवर्समधी आणतो. तुमी फक्त रस्ता सांगा."

पुन्हा बँड. पुन्हा आरती.

"डावीकडं घ्या," व्याही म्हणाले. घेतली.

"अवो, डावीकडं!" आणखी घेतली.

"डावीकडं म्हणून राह्यलो नं, बुवा!"

आता पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांची डावी बाजू एक नसते, हे त्या जर्मनानं सांगायला नको होतं का? मांडवाचा खांब गेला, आचारी पळाला आणि व्याही फेट्यासकट मठ्ठ्याच्या गंजात, त्या भल्यामोठ्या पातेल्यात, बसले!

बँडसुद्धा बंद पडला. मग विहीणबाई हसायला लागल्या, त्या थांबेचनात.

"इतक्या वर्षांत यायले गप्प करणारा पहिलाच माणूस भेटला! पोरगी आपलीच! आणा अंगठी, मुहूर्त टळून राह्यला!"

व्याह्यांनी मिशीतली कोथिंबीर झटकली. "कबूल. पण एक अट हाय. हे गाडी आंदणात देऊ नका."

अपमानाचीही काही हद्द असते! आंदणात द्यायचीच म्हणून गाडीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात 'जावईबापू' असं मी आदल्याच दिवशी रंगवून घेतलं होतं. आता त्याच गाडीतून मी वांगी नेतो, आणि जामचा अख्खा बाजार मलाच 'या जावईबापू' म्हणतो!